रोजच्या वाटेसाठी विजेची सायकल : घेण्यापूर्वी करावयाचे हिशेब



बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात, अशी शिकवण प्रभू येशूने दिली आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात ती आपण वाचतो. विहीर खणताना, म्हैस घेताना आपण असा हिशेब करतो. मग विजेवर चालणारी सायकल घेताना तो का करू नये?

बेळगावच्या आसपासच्या गावांतून आज बहुतेक घरांची स्थिती सारखीच आहे. तीन-चार एकर शेतीवर सर्वांचे भागत नाही. म्हणून घरातील एक-दोन माणसे उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखान्यांत, शहरातील दवाखान्यांत व दुकानांत कामाला जातात. पहिल्या पाळीला पोचायचे तर बस वेळेवर मिळत नाही. मोटारसायकल एकच, तीही शेताच्या कामाला गुंतलेली. अशा घरात ‘विजेची सायकल घेऊ या का?’ हा प्रश्न निघतो. त्यासाठी पंचवीस ते पंचेचाळीस हजार रुपये लागतात. लहान शेतकऱ्याच्या घरात हा एका हंगामाचा पैसा होय. म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

तीन प्रकार, तीन नियम

दुकानात ‘इलेक्ट्रिक बाइक’ या एकाच नावाने तीन निरनिराळ्या गाड्या दाखवतात.

पहिली, पायडल मारायची सायकल. तिच्या चाकात किंवा पायडलच्या आसाजवळ लहान मोटार असते. आपण पायडल मारले की मोटार मदत करते. अशी सायकल प्रथम जपानमधील यामाहा कंपनीने १९९३ साली बाजारात आणली. माणसाचे श्रम हलके करावेत, पण पाय चालते राहावेत, हा तिचा हेतू होता.

दुसरी, कमी वेगाची स्कूटर. तिला पायडल नसते किंवा नावापुरते असते.

तिसरी, मोठी विजेची स्कूटर. तिला पेट्रोलच्या स्कूटरप्रमाणेच नोंदणी, विमा, लायसन व हेल्मेट हे सर्व लागते. तिची नंबरपाटी हिरव्या रंगाची असते.

पहिल्या दोन प्रकारांना नोंदणी व लायसन लागत नाही, परंतु त्याला अटी आहेत. मोटारीची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला पाहिजे. स्कूटर असेल तर बॅटरी सोडून तिचे वजन ६० किलोपेक्षा जास्त असता कामा नये. शिवाय त्या नमुन्याला सरकारमान्य तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र असावे लागते. पुण्याची ए. आर. ए. आय. ही अशी एक संस्था आहे.

येथे एक धोका आहे. काही विक्रेते ‘ही वायर काढली की चाळीसने पळते, लायसनची गरज नाही’ असे सांगतात. वायर काढताच ती गाडी कायद्याने मोटारगाडी ठरते. मग तिला नोंदणी नाही, विमा नाही आणि चालवणाऱ्याकडे बहुधा लायसनही नाही. अशा गाडीखाली कोणी सापडले तर भरपाई मालकाला आपल्या खिशातून द्यावी लागते. त्यासाठी शेत विकायची पाळी येऊ शकते. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आधी वाट मोजा

दुकानात जाण्यापूर्वी एक आठवडा आपली वाट नीट पाहावी. साध्या सायकलवरून एकदा जाऊन यावे आणि चार गोष्टी वहीत लिहाव्यात. जाऊन-येऊन किलोमीटर किती? उतरून ढकलावे लागेल असे चढ किती? बरोबर ओझे किती? आणि वाटेत ट्रकचा रस्ता किती?

चढाचे महत्त्व दुकानदार सांगत नाही. सायकल, माणूस व डबा मिळून १०० किलो धरले, तर १०० मीटर उंच चढण्यास बॅटरीतील सुमारे ४० वॅट-तास शक्ती खर्च होते. एवढ्या शक्तीवर सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर जाता येते. उतारावर ही शक्ती बहुतेक सायकलींत बॅटरीत परत येत नाही. म्हणून सपाट वाटेवरचा आणि ओढे-टेकड्या ओलांडणाऱ्या वाटेवरचा हिशेब सारखा नसतो.

ओझ्याचेही तसेच. २५० वॅटची मोटार एका माणसाला बेताच्या चढावर पायडलच्या थोड्या मदतीने सहज नेते. त्याच सायकलवर मागे दुसरे माणूस किंवा भाजीचे पोते टाकले तर चढावर ती रडकुंडीला येते, मोटार तापते आणि मागच्या चाकाच्या तारा तुटतात. कॅरिअर किती किलोचे आहे हे माहितीपत्रकात पाहावे. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून डेअरीला जाण्यासाठी ही सायकल नाही.

खानापूर ते बेळगाव अंतर सुमारे २६ किलोमीटर आहे. रोज एवढे जाऊन-येऊन करायचे असेल, तर ताशी २५ च्या आतल्या सायकलीने महामार्गावर ट्रकच्या बाजूने जाणे शहाणपणाचे नाही. वेळही जाताना एक तासाच्या वर व येताना तितकाच लागेल. अशा लांब वाटेला नोंदणीची स्कूटर तरी घ्यावी, नाहीतर बस व रेल्वे बरी. विजेच्या सायकलीचे खरे क्षेत्र म्हणजे एका बाजूने पाच ते बारा किलोमीटरची वाट.

बॅटरीचे गणित

विजेच्या सायकलीचा जीव बॅटरीत आहे. ‘एका चार्जमध्ये साठ किलोमीटर’ असे पाटीवर लिहिलेले असते. तो आकडा सपाट रस्ता, हलका माणूस, नवी बॅटरी आणि भरपूर पायडल धरून काढलेला असतो. त्यावर जाऊ नये. बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. या दोन आकड्यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास असतील तर ३६० वॅट-तास झाले. हे बॅटरीच्या टाकीचे माप समजावे. १००० वॅट-तास म्हणजे मीटरवरचे एक युनिट.

आता खर्च पाहू. पायडल मारत गेल्यास दर किलोमीटरला ८ ते १२ वॅट-तास लागतात. पायडल न मारता नुसती मूठ पिळून गेल्यास १५ ते २० लागतात. मोठ्या स्कूटरला ३० च्या आसपास लागतात.

उदाहरणादाखल कारखान्यापासून ९ किलोमीटरवर असलेले एक घर घेऊ. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. दर किलोमीटरला १२ धरले तर २१६ वॅट-तास. दोन्ही वेळचे चढ मिळून १०० मीटर धरून त्याचे ४०. एकूण २५६. समोरचा वारा, चिखल, कमी हवेचे टायर यांसाठी पाव हिस्सा वाढवावा, म्हणजे ३२०. बॅटरी दोन-तीन वर्षांनी जुनी होऊन तिची शक्ती घटते, आणि रोज अगदी शेवटपर्यंत रिकामी करणेही तिला सोसत नाही. म्हणून टाकीच्या सात-दशांश एवढ्यावरच भरवसा ठेवावा. ३२० ला ०·७ ने भागले की सुमारे ४५७ येतात. म्हणजे या घराला ३६ व्होल्ट, साडेबारा अँपिअर-तासांची (४५० वॅट-तास) बॅटरी हवी.

बाजारात ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासांच्या (२७० वॅट-तास) स्वस्त सायकली पुष्कळ आहेत. त्या नव्या असताना ही वाट निभावतील. दोन वर्षांनी मात्र परतीच्या शेवटच्या चढावर पंचवीस किलोची सायकल ढकलत घरी यावे लागेल. कामाच्या ठिकाणी परवानगीने चार्ज करता येत असेल तर लहान बॅटरी चालेल. ही परवानगी आधी मागून घ्यावी.

खानापूर-बेळगाव वाटेसाठी स्कूटरचा हिशेबही याच रीतीने करता येतो. ५२ किलोमीटर गुणिले ३० म्हणजे १५६० वॅट-तास. त्यात पाव हिस्सा मिळवून ०·७ ने भागले की २७८५ येतात. म्हणून ३ युनिटांच्या बॅटरीची स्कूटर पाहावी, दोन युनिटांची नव्हे.

बॅटरीच्या जातीही दोन आहेत. शिशाची व आम्लाची बॅटरी स्वस्त, पण जड. कमी वेगाच्या स्कूटरमध्ये तिचे वजन तीस किलोच्या पुढे जाते आणि ती लवकर बसते. लिथियमची महाग, पण हलकी व टिकाऊ. त्यातही लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकार उष्णता अधिक सोसतो व अधिक वर्षे चालतो. रोजच्या वाटेसाठी लिथियमचीच घ्यावी.

पैशाचे गणित

आता वरच्याच घराचा महिन्याचा हिशेब करू. महिन्याला २५ दिवस, म्हणजे ४५० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर ९ लिटर पेट्रोल. हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू, म्हणजे ९०० रुपये. सायकलीला चार्जरमधील नासधूस धरून साडेसात युनिट वीज लागेल. ७ रुपये युनिट धरल्यास सुमारे ५३ रुपये.

म्हणजे महिन्याला साडेआठशे वाचले का? नाही. तीन वर्षांनी नवी बॅटरी घ्यावी लागेल. तिच्यासाठी महिन्याला ३०० रुपये बाजूला टाकलेच पाहिजेत. हे न केल्यामुळेच अनेक गाड्या गोठ्यात धूळ खात पडतात. म्हणून खरी बचत साडेपाचशेच्या घरात राहते. सायकल चाळीस हजारांना घेतली तर पैसे वसूल व्हायला सहा वर्षे लागतील.

यावरून सरळ गोष्ट दिसते. घरची मोटारसायकल धड असेल आणि ती मोकळी असेल, तर नुसते पेट्रोल वाचवण्यासाठी नवी सायकल घेऊ नये. परंतु घरात दुसरी मोटारसायकल घेण्याचा विचार चालला असेल, तर विजेची सायकल तिच्या निम्म्या किमतीत येते आणि रोजचा खर्चही नाममात्र राहतो. अशा घराला ती खरोखर उपयोगाची आहे.

भगिनींनी आणखी एक विचार करावा. कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी सुरू झालेल्या शक्ती योजनेखाली राज्याच्या साध्या बसमधून महिलांना तिकीट पडत नाही. जेथे बस वेळेवर आहे तेथे सायकलीने पैसा वाचणार नाही, फक्त वेळ वाचेल. पाळी चुकत असेल, किंवा संध्याकाळी फाट्यावर तासभर एकटीने उभे राहावे लागत असेल, तर त्या वेळेला व सुरक्षिततेलाही मोल आहेच. पण ते मोल ओळखून निर्णय घ्यावा.

सरकारी सवलतीच्या भरवशावर किंमत ठरवू नये. केंद्राची फेम योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. त्यानंतरच्या योजनेतही दुचाकीमागची रक्कम एप्रिल २०२५ पासून निम्म्यावर आली. सवलत मिळाली तर वरचा लाभ समजावा. हप्त्याने घेणार असाल तर ‘महिन्याला फक्त इतके’ यावर न जाता, सर्व हप्ते मिळून किती रुपये होतात ते कागदावर लिहून घ्यावे.

घरी चार्ज करताना

२०२२ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत देशात अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या व माणसेही दगावली. त्यानंतर नोंदणीच्या गाड्यांच्या बॅटरीसाठी केंद्र सरकारने कडक कसोट्या लावल्या. त्या १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू झाल्या. तरीही घरातील काळजी आपणच घ्यायची आहे.

चार्जिंग फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर करावे. कडबा, गवताची गंजी, खताची पोती, डिझेलचा डबा यांच्याजवळ करू नये. बाहेर पडण्याच्या एकमेव दारात किंवा झोपण्याच्या खोलीतही नको. सर्व घर झोपी गेले असताना रात्रभर लावून ठेवू नये. उन्हातून किंवा चढावरून आल्याबरोबर लावू नये, अर्धा-पाऊण तास बॅटरी थंड होऊ द्यावी. कंपनीचाच चार्जर वापरावा. प्लगला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून पाहून घ्यावे. जुन्या घरांतून ते बहुधा नसते. बॅटरी फुगली, तिला वेगळाच वास आला किंवा ती पाण्यात बुडाली, तर ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून दुकानदाराला कळवावे, पुन्हा चार्जला लावू नये.

शेतातील पंपाच्या जोडणीवरून कधीही चार्ज करू नये. तेथील दाब कमी-जास्त होतो व चार्जर जळतो, हे एक. दुसरे असे की ती वीज पंपासाठी दिलेली आहे. ती दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो व दंड बसतो. प्रामाणिक माणसाला कायद्याच्या धाकाचीही गरज पडू नये.

सुगीच्या दिवसांत सायकल महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून सावलीत कोरड्या जागी ठेवावी. जुनी बॅटरी भंगारवाल्याला विकू नये व फोडू तर मुळीच नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती दुकानात परत द्यावी.

पावसाळा, अंधार आणि ऊस

आपल्या पश्चिमेकडील जांबोटी-कणकुंबी भागात पाऊस किती पडतो हे सांगायला नको. पावसात चालवायची म्हणून दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली सायकल पाहावी. ब्रेक दाबताच मोटार बंद होते ना, हे दुकानातच तपासावे. वाहत्या ओढ्यातून ती नेऊ नये. धुताना पाइपच्या जोरदार धारेने न धुता ओल्या फडक्याने पुसावी.

ऊस गाळपाच्या हंगामात पहाटे व रात्री ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि बाहेर आलेला ऊस दिसत नाही. विजेची सायकल आवाज करीत नाही, म्हणून समोरच्याला आपण येत आहोत हे कळत नाही. पुढे चांगला दिवा, मागे लाल दिवा, अंगावर पांढरा किंवा पिवळा सदरा आणि डोक्याला हेल्मेट असावे. सायकलीला कायद्याने हेल्मेट लागत नसले तरी डोके तेच आहे. साडी किंवा ओढणी वापरणाऱ्या भगिनींनी मागच्या चाकाला जाळी व चेनला पूर्ण झाकण असलेली सायकलच घ्यावी.

शरीराला काय लाभ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. आपल्या उदाहरणातील ९ किलोमीटरला सुमारे २७ मिनिटे लागतात. जाऊन-येऊन ५४ मिनिटे होतात. पायडल मारत गेल्यास तीनच दिवसांत आठवड्याचा वाटा पुरा होतो. मधुमेह व रक्तदाब आता खेड्यांतही घरोघर आहेत. कारखान्यात आठ तास एका जागी उभे राहणाऱ्याला किंवा बसणाऱ्याला ही हालचाल मोलाची आहे. नुसती मूठ पिळून गेल्यास मात्र यातील काहीच पदरात पडत नाही, आणि बॅटरीही लवकर संपते.

गुडघे दुखणाऱ्यांना चढावर मोटारीची मदत मिळते, शरीराचा भार सीटवर राहतो, त्यामुळे चालण्यापेक्षा त्रास कमी होतो. त्यासाठी सीटची उंची बरोबर हवी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असली तर गुडघे धरतात. हृदयविकार असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत व उत्तरे लेखी मागावीत.

१. बॅटरी किती व्होल्ट, किती अँपिअर-तास? कोणत्या जातीची?
२. बॅटरीची हमी किती वर्षांची? शक्ती किती घटली तर बदलून देणार?
३. नव्या बॅटरीची आजची किंमत काय?
४. मोटार, कंट्रोलर व चार्जर बिघडल्यास बेळगावातच दुरुस्ती होते की बाहेर पाठवावे लागते?
५. तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र दाखवाल काय?
६. बॅटरी काढून घरात नेता येते काय? तिला कुलूप आहे काय?
७. पंक्चर झाल्यास मोटारीचे चाक गावातील सायकल दुकानात काढता येईल काय?
८. पक्के बिल मिळेल ना?

शेवटी सायकल चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारून काहीच कळत नाही. जवळचा एखादा चढ निवडावा, रोजचे ओझे बरोबर घ्यावे आणि जो माणूस ती रोज चालवणार आहे त्यानेच चालवावी. मोटार बंद करून थोडे अंतर नुसत्या पायडलवरही जाऊन पाहावे. वाटेत बॅटरी संपली तर काय होईल ते तेव्हाच समजेल. आपल्या ओझ्यासह चढावर चालवून पाहू देण्यास जो दुकानदार नाखूश असेल, त्याच्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडावे.